जाळ्याची रंगीत तालीम



पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी, मोशी मागे टाकून, इंद्रायणी ओलांडून चाकणला पोचलो, की कारखान्यांच्या भिंती लागतात. पूर्वी चाकण म्हटले की किल्ला आठवायचा, आणि पाठोपाठ कांद्याचा बाजार. किल्ला आहे, बाजारही आहे. जोडीला आता मोटारी आल्या. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि कारखानदारी हळूहळू उत्तरेस सरकत गेली. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तो २००९ साली.

या कारखान्यांत एक चपटी पेटी असते. ती कोणी पाहुण्याला दाखवीत नाही, पण ती रुसली तर हिशेब, कोठार आणि यंत्रे यांचे एकमेकांशी बोलणे बंद पडते. तिचे नाव राउटर. संगणकाचा निरोप लहान लहान तुकडे होऊन निघतो आणि प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. राउटर तो पत्ता वाचून पुढची वाट दाखवतो. रेल्वेच्या टपाल डब्यात रात्रभर जागून पत्रांची निवड करणारे सॉर्टर वडीलधाऱ्यांना आठवत असतील; त्यांचेच काम हे, फक्त एका सेकंदात हजारो पत्रांचे.

आता प्रश्न असा, की हे काम शिकायचे कुठे? चालू कारखान्याच्या जाळ्यात शिकाऊ पोराला हात कोण घालू देईल? एक आज्ञा चुकली, की सारी पाळी हात बांधून उभी. बरे, खेड-मावळातल्या मुलाने तीन-चार राउटर विकत आणून घरीच सराव करावा म्हटले, तर बापाला बैलजोडी मोडावी लागेल!

पुणे जिल्ह्याला हा पेच नवा नाही. पाण्याच्या बाबतीत तो फार आधी सोडवला गेला. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१६ साली एक संशोधन संस्था काढली. खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र ते हेच. तिथे नदी, धरण, बंदर यांच्या लहान प्रतिकृती जमिनीवर बांधतात, त्यांत खरोखरचे पाणी सोडतात आणि गाळ कुठे बसतो, काठ कुठे खचतो ते पाहतात. बांध घातल्यावर चूक कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी. मात्र एक गोष्ट तिथल्या जाणत्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. नदी लहान करता येते, पण वाळूचा कण त्याच मापाने लहान करता येत नाही. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

निरोपांच्या जाळ्याची गोष्ट आपल्याकडे १९८६ साली एर्नेट या सरकारी योजनेने सुरू झाली. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी तिच्या पहिल्या मानकऱ्यांत होत्या. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पण वाट शोधण्याची युक्ती त्याहून जुनी. हॉलंडचे एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५६ साली, एका गावाहून दुसऱ्या गावास जवळचा रस्ता कोणता, हे काढण्याची रीत बसवली. तीन वर्षांनी ती छापली गेली. राउटरांना शिकवलेली 'ओएसपीएफ' नावाची पद्धत आजही तिच्याच आधाराने चालते.

मग २००५ साली फ्रान्समधल्या क्रिस्तोफ फियो यांनी गंमत केली. सिस्को कंपनीच्या राउटरातला प्रोसेसर त्यांनी निव्वळ सॉफ्टवेअरने उभा केला. या कार्यक्रमाचे नाव डायनामिप्स. राउटरची पेटी खोटी, पण तिच्यात चालणारी आज्ञावली अस्सल, कंपनीचीच. पुढे जेरेमी ग्रॉसमान यांच्या पुढाकाराने जीएनएस३ आले. त्यात पडद्यावर राउटरची चित्रे मांडायची आणि माउसने तारा जोडायच्या. इथे एक भेद शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. काही कार्यक्रम राउटरसारखे नुसते वागून दाखवतात. तो कळसूत्री बाहुल्यांचा खेळ. जीएनएस३ची गोष्ट रंगीत तालमीची: नट खरे, संवाद खरे, फक्त प्रेक्षक आलेले नाहीत.

करून पाहायचे तर आपलाच नकाशा घ्या. तीन राउटर मांडा: पिंपरी, चाकण, तळेगाव. तिघांना एकमेकांशी जोडा. रस्तेही तसेच आहेत की! प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना पत्ते द्या, तिन्ही तारांचे मोल सारखे ठेवा आणि ओएसपीएफ सुरू करा. थोड्या वेळात शेजाऱ्यांची ओळख पटते. आता पिंपरीहून चाकणला हाळी द्या. प्रत्येक उत्तरागणिक पडद्यावर एक उद्गारचिन्ह उमटते. हाळी चालू असतानाच पिंपरी-चाकण ही तार मध्येच थांबवा. उद्गारचिन्हे जाऊन टिंबे पडू लागतात. एक, दोन, दहा, पंधरा... पोरे घाबरतात, बिघडले म्हणतात. हात लावू देऊ नका. काही वेळाने पुन्हा उद्गारचिन्हे! निरोप तळेगावमार्गे निघालेला असतो.

मधला वेळ कशात गेला? शेजारी राउटर दर १० सेकंदांनी एकमेकांना 'आहे' म्हणतात. ४० सेकंद आवाज आला नाही, तर शेजारी गेला असे धरून दुसरी वाट काढतात. खऱ्या जाळ्यात दोन पेट्यांना थेट जोडणारी तार तुटली, तर पेटीला ते बहुधा लगेच उमगते. डायनामिप्समधल्या खोट्या तारेला तुटल्याची जाणीवच नसते, म्हणून ४० सेकंदांची वाट पाहणे आले. हाच तो वाळूचा कण. पण पुढचेही ऐका: खऱ्या कारखान्यात दोन राउटरांच्या मध्ये तिसरीच एखादी पेटी बसवलेली असेल, तर तिथेही तार तुटल्याचे कळत नाही आणि हीच ४० सेकंदे भरावी लागतात. तालमीत हे पाहिलेला मुलगा रात्रपाळीला गोंधळणार नाही, असे मला वाटते.

दुसरी खोट संगणकाच्या जिवावर बेततो. खोटा राउटर रिकामा असला, तरी दाणे न घातलेल्या जात्यासारखा गरगर फिरतो आणि संगणकाची सारी ताकद खातो. त्याला विसावा कुठे घ्यायचा ते एक आकडा देऊन सांगावे लागते. तो दिला नाही, तर तीन राउटरांतच संगणक धापा टाकू लागतो.

राहता राहिली मालकीची बाब. सिस्कोची आज्ञावली कंपनीच्या परवान्याशिवाय वापरता येत नाही. पोरे ती इकडून तिकडून मिळवतात, हे काही गुपित नाही. शिक्षकांनी त्यात भागीदार होऊ नये. त्यासाठी उपाय आहे. कुनिहिरो इशिगुरो या जपानी गृहस्थांनी १९९६ साली झेब्रा नावाची मुक्त आज्ञावली लिहायला घेतली. तिच्यातून क्वागा निघाली, आणि २०१७ मध्ये क्वागातून एफआरआर. ती मोफत मिळते, ओएसपीएफ जाणते, आणि जीएनएस३मध्ये चालते. पिंपरी, चाकण आणि तळेगाव तिच्यावरही मांडता येतात. शाळेतला एखादा जुना संगणक त्याला पुरतो.