न दिसणाऱ्या जखमेची भरपाई

कामगाराचा हात तुटला तर तो सर्वांस दिसतो. मन मोडले तर घरच्यांसही चटकन् उमगत नाही. म्हणून भरपाईच्या इतिहासात हाताची किंमत आधी ठरली, मनाची फार उशिरा.

हा प्रश्न प्रथम आगगाडीने उभा केला. इंग्लंडात अपघातातून धडधाकट सुटलेली माणसे काही दिवसांनी थरथरू लागत. १८६६ साली एरिक्सन या शस्त्रवैद्याने त्यांच्यावर ग्रंथ लिहिला व दोष पाठीच्या कण्यास बसलेल्या हादऱ्याला दिला. जर्मनीत १८८४ साली अपघात-विम्याचा कायदा झाला. १८८९ साली ओपेनहाइम यांनी आघातजन्य विकृतीचा सिद्धांत मांडला व सरकारी विमा कचेरीने अशा रोग्यांचे दावे मान्य केले. लगेच ओरड झाली की, कामगार पेन्शनच्या लोभाने आजारी पडतात! १९२६ साली त्याच कचेरीने हे दार जवळजवळ लावून घेतले.

इंग्लंडात मात्र १९१० साली साउथ कर्कबीच्या एका खाणमजुराला न्याय मिळाला. जबर जखमी सोबत्याला त्याने उचलून नेले होते. त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता, पण त्या धक्क्याने त्याला काम करवेना. हीदेखील अपघाती इजाच होय, असे अपील कोर्टाने ठरविले.

आपल्याकडे भरपाईचा कायदा १९२३ साली झाला. त्याच्या धंदेवाईक रोगांच्या यादीत मनोविकार नव्हता. उशिरा प्रकटणाऱ्या आघाताला तर वैद्यकाने रीतसर नाव दिले ते १९८० साली, अमेरिकेत.

आमच्याकडे एक फिटर आला होता. यंत्रात सापडलेल्या जोडीदाराला त्यानेच बाहेर काढले होते. त्यानंतर झोप गेली, खाडे वाढले, चार्जशीट मिळाली. नवव्या वर्षी डॉक्टरांनी रोग ओळखला. मालकाचा वकील म्हणाला, "मुदत दोन वर्षांची. इतके दिवस कुठे होता?" उशीर माफ करण्याचा अधिकार कमिशनरला होता, पण आमच्यापाशी त्या वेळचा कागद नव्हता. दावा गेला.

दोष आमचाही होता. मृताच्या विधवेचा दावा आम्ही लढविला, शेजारी उभ्या असलेल्याला "तुला झोप लागते का?" एवढेही विचारले नाही. आता अपघात झाला की आम्ही साऱ्या पाळीचे जबाब त्याच आठवड्यात लिहून ठेवतो. ही जखम उशिरा बोलते. तिची तारीख मात्र आजच लिहावी लागते.