जी मुलं धडधाकट होती

'फ्लू झालाय' हे वाक्य आपण किती सहज बोलून जातो. अंग मोडून येतं, नाक वाहतं, आई गवती चहाचा काढा देते आणि चार दिवसांनी पोरगं पुन्हा मैदानात. बहुतेक वेळा होतंही तसंच. पण याच आजारात काही मुलं रुग्णालयात पोचतात आणि त्यातली काही परत येत नाहीत. ती नेमकी कोणती, हा प्रश्न वैद्यकशास्त्रानं नीट विचारला तो बऱ्याच उशिरा.

१९१८ची साथ आठवा. जूनमध्ये ती मुंबई बंदरात उतरली, पावसाळ्यात जरा ओसरली आणि सप्टेंबरात दुप्पट जोरानं उसळली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद आहे. देशभरात तर एक कोटीहून अधिक माणसं गेली. गावोगावच्या नोंदवह्यांत मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता, 'ताप'. आता त्यात लेकरू कोणतं, आधीपासून आजारी कोण, कशानं गेलं, हे कुठून कळणार?

त्या काळी फायफर या जर्मन शास्त्रज्ञानं १८९२मध्ये दाखवलेला जिवाणू हेच फ्लूचं कारण समजत. ते खरं नव्हतं. माणसातला फ्लूचा विषाणू १९३३मध्ये लंडनला हाती लागला. तरी जिवाणू अगदीच निरपराध ठरले नाहीत. १९१८च्या मृतांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे अमेरिकेत पुन्हा तपासले गेले. २००८मध्ये निष्कर्ष आला, की बहुतेकांना मागाहून जिवाणूंचा न्यूमोनिया झाला होता. विषाणू दार फोडतो आणि मागून आलेले घर लुटतात.

मुलांचा हिशेब मात्र २००३-०४च्या हिवाळ्यात अमेरिकेत मांडला गेला. त्या वर्षी विषाणूनं रूप पालटलं होतं आणि लशीत जुनंच रूप होतं. मुलं दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा लक्षात आलं, की एवढ्या मोठ्या देशात फ्लूनं गेलेल्या मुलांची वेगळी मोजदादच नाही! मग तिथल्या रोगनियंत्रण केंद्रानं राज्याराज्यांतून माहिती मागवली. ४० राज्यांतून १५३ मुलांची नोंद आली.

आकड्यांशी कवितेवाल्यांचं फारसं जमत नाही, पण हे आकडे विसरता येत नाहीत. १५३पैकी ६३ टक्के मुलं पाच वर्षांच्या आतली. दमा, हृदयविकार, मेंदू-मज्जासंस्थेचे विकार असलेली मुलं त्यात होती. ती असणार हे डॉक्टरांना ठाऊकच होतं. ज्या मुलाला जोरात खोकून कफ बाहेर काढता येत नाही, त्याचं फुप्फुस लवकर भरतं. पण जवळजवळ निम्मी, ४७ टक्के, आधी पूर्ण निरोगी होती. जवळजवळ एकतृतीयांश मुलं रुग्णालयात दाखल होण्याआधीच गेली. कित्येकांना तर पहिल्या लक्षणानंतर तीन दिवसही मिळाले नाहीत. २००४पासून तिथं फ्लूनं झालेल्या प्रत्येक बालमृत्यूची नोंद सक्तीची झाली.

मग आलं २००९. स्वाइन फ्लूचा भारतातला पहिला बळी ३ ऑगस्टला पुण्यात गेला, शाळेत जाणारी मुलगी. शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधून लोक तपासणीच्या रांगेत उभे राहिले. त्याच साथीत अमेरिकेतल्या ३५ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांतल्या ८३८ मुलांचा अभ्यास झाला. त्यातली सुमारे नऊ टक्के वाचली नाहीत. आधी निरोगी असलेल्या मुलांमध्ये, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस फुप्फुसात शिरला असेल, तर मृत्यूचा धोका आठपट होता. म्हणजे १९१८चाच तो मागून येणारा चोर, आता औषधांना सरावलेला.

म्हणून बालरोगतज्ज्ञ आईला नुसतं 'ताप किती?' असं विचारून थांबत नाहीत. श्वास भराभर चाललाय का, बरगड्या आत ओढल्या जातात का, ओठ निळसर दिसतात का, पाणी पितंय का, हाक मारल्यावर नीट बघतंय का, हेही विचारतात. आणि एक खास प्रश्न असतो : ताप उतरून मूल खेळायला लागलं होतं आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तापलं, असं झालं का? उत्तर 'हो' आलं, तर ते मूल त्याच दिवशी तपासायला हवं असतं.