भोपाळनंतरचा घातक रसायनविषयक कायदा : माहिती देण्याचे उत्तरदायित्व

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला व हजारो लोक मृत्युमुखी पडले. या वायूवर नेमके कोणते उपचार करावेत, याची पुरेशी माहिती शहरातील डॉक्टरांजवळही नव्हती. भारतातील घातक रसायनविषयक कायद्याचा पुढील इतिहास या अज्ञानाच्या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो.

१९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम संमत झाला. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये घातक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण आले. त्यानुसार धोक्याची माहिती कामगारांना व परिसरातील नागरिकांना देणे भोगवटादारावर बंधनकारक झाले. पर्यावरण अधिनियमाखालील १९८९ च्या नियमांनी विहित मर्यादेहून अधिक साठा बाळगणाऱ्या उद्योगांवर सुरक्षा अहवाल व आपत्कालीन आराखडा तयार करण्याचे बंधन घातले. तात्पर्य, रसायनाविषयीचे ज्ञान ही उत्पादकाची खासगी बाब राहिली नाही.

तथापि, ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणम येथील कारखान्यातून स्टायरीनची गळती झाली, तेव्हा धोक्याचा भोंगा वाजलाच नव्हता, असे चौकशी समितीने नोंदविले. आराखडा कागदावर असणे आणि इशारा वस्तीपर्यंत पोहोचणे यांतील हे अंतर उत्पादकानेच मिटवावयाचे आहे.