धोतराची गाठ आणि सूक्ष्मदर्शक : डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे संशोधनलेखन

शहाजीराजांना बेंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून या नगरीत मराठी बोली नांदत आली आहे. स्वदेशापासून दूर राहूनही आपण वस्त्रे, खाणेपिणे, पानसुपारी यांतील आपल्या रूढी जतन केल्या, आणि स्मरणिकांच्या पानांतून त्यांचा गौरवही पुष्कळ झाला. याच रूढी मनुष्याच्या शरीरावर कोणती खूण ठेवून जातात, हे ज्या मराठी संशोधकाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले व निर्भीडपणे लिहून ठेवले, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या लेखनाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

खानोलकरांचे घराणे गोमंतकीय. जन्म १८९५ चा, निधन १९७८ चे. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले, वैद्यकीय महाविद्यालयांतून अध्यापन केले, आणि १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे १९५२ मध्ये मुंबईतच स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक झाले. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. पदांची ही यादी वाढविता येईल, परंतु आम्हांस अधिक मोल वाटते ते १९४४ व १९४५ या दोन वर्षांतील त्यांच्या निबंधांचे.

भारतात कर्करोग फारसा आढळत नाही, असा समज त्या काळी रूढ होता. खानोलकरांनी वाद न घालता मोजणी सुरू केली. मुखाच्या कर्करोगाचे ओळीने आलेले १००० रुग्ण घेऊन त्यांवरील निबंध त्यांनी १९४४ साली अमेरिकेतील एका नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी त्यांनी निरनिराळ्या समाजांतील कर्करोगाची तुलना मांडली. एकाच मुंबईत, एकाच हवेत राहणाऱ्या पारशी, गुजराती व दक्षिणी कुटुंबांत रोगाचे स्थान जर वेगवेगळे पडत असेल, तर दोष हवामानाचा कसा म्हणावा? शोध घ्यायचा तो राहणीचा.

याच १९४५ सालच्या तिसऱ्या निबंधात, बी. सूर्याबाई या सहकाऱ्यासह, त्यांनी चालीरीतींतून उद्भवणारे कर्करोगाचे तीन भारतीय प्रकार वर्णिले. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल आहे. तेथे रोग टाळूस होतो. खैनी खालच्या ओठामागे धरून ठेवणारास तो तेथेच होतो. तिसरा प्रकार कमरेचा, धोतर नेसणारांचा. निऱ्या व गाठ यांचा पीळ वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच रेषेवर आवळला जातो. त्यात घाम, धूळ, उकाडा. प्रथम कातडीचा रंग पालटतो, मग खवले धरतात, भेगा पडतात, बरी न होणारी जखम होते, आणि क्वचित् त्या जखमेतून कर्करोग उपजतो. रोग विरळा खरा; पण अशी जखम आपल्या आजोबांच्या कमरेस असती तर ती दाखविण्यास ते वैद्याकडे गेले असते काय, याची आम्हांस शंकाच आहे.

हे प्रकरण जुने झाले असे मात्र कोणी समजू नये. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी एका ब्रिटिश नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एक नऊवारीखाली परकराची नाडी घट्ट आवळीत असे, तर दुसरी परकराविना लुगड्याचीच गाठ कमरेस करकचून बांधी. पहिलीने व्रण १८ महिने सोसला, दुसरीने २ वर्षे. आणि दुसरीच्या जांघेतील गाठीपर्यंत रोग पोचला होता. नाडी सैल बांधावी, रुंद पट्टी वापरावी, कातडी दुखू लागली की सैल वस्त्र नेसावे, एवढाच उपाय. तो कोणी त्यांना सांगितला नव्हता.

खानोलकरांचा दुसरा व्यासंग कुष्ठरोगाचा. या रोगाच्या आरंभीच्या चट्ट्यांची सूक्ष्म रचना तपासून त्यांनी १९५१ मध्ये विस्तृत अहवाल लिहिला. चट्टा दिसतो न दिसतो तोच जंतू त्वचेतील बारीक मज्जातंतूंत शिरलेले असतात, हे त्यांच्या अभ्यासाचे सार. बोटे ‘झडतात’ असे लोक म्हणतात, त्याचे मूळ येथेच आहे. मज्जातंतू निकामी झाले की हात बधिर होतो. चटका बसला तरी कळत नाही, जखम चिघळते, पू हाडापर्यंत उतरतो व हाड झिजत जाते. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी बधिर हातांवर शस्त्रक्रिया करताना हीच साखळी स्पष्ट केली. घराघरांतून ज्यांना बाहेर काढले गेले, त्यांची हाडे अशी नकळत झालेल्या जखमांनी गेली होती.

१९५८ मध्ये संशोधक बापट, डॉ. कमल रणदिवे व खानोलकर या तिघांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून एक जंतू प्रयोगशाळेत वाढविल्याचे जाहीर केले. तो खरा कुष्ठजंतू नव्हे असे पुढे ठरले. खरा जंतू कृत्रिम माध्यमात आजतागायत कोणालाच वाढविता आलेला नाही. तरीही त्या जंतूपासून मुंबईच्या संशोधकांनी लस बनविली, आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले.

मोजणीची जी रीत खानोलकरांनी घालून दिली ती १९६३ मध्ये मुंबईच्या कर्करोग नोंदणीने पुढे नेली, आणि १९८२ पासून ती आपल्या बेंगळुरातही आली. येथील किडवाई संस्थेत शहरातील कर्करोगाच्या रुग्णांची नोंद ठेवली जाऊ लागली, आणि मुखाचा कर्करोग येथील स्त्रियांत विशेष असल्याचे दिसून आले. कन्नड शेजारणींकडून आपल्याही काही घरांत शिरलेली कड्डीपुडी, म्हणजे तंबाखूच्या काड्यांची भुकटी, विड्यात घालण्याची चाल सर्वांच्या परिचयाची आहे. या नोंदणीच्या आधारे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तंबाखूचे पान खाणाऱ्या स्त्रियांना मुखाच्या कर्करोगाचा धोका न खाणाऱ्यांच्या सुमारे २५ पट आढळला.