गरोदर बाईचे ताट: योजनांचा इतिहास आणि घरातली पंगत

"अंगणवाडीतून आहार मिळतो, गोळ्याही मिळतात, मग हिच्या अंगात रक्त कमी कसे?" असा प्रश्न गरोदर महिलेसोबत आलेले नातेवाईक नेहमी विचारतात. चेणे गावातील किंवा घोडबंदर रस्त्यालगतच्या पाड्यांवरील कुटुंब असो, नाहीतर भाईंदरच्या चाळीतले, उत्तर समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

1929 साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभ कायदा झाला. डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात त्याच्या बाजूने भाषण केले होते. पण हा कायदा कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रियांसाठी होता. शेतात राबणारी, पाणी भरणारी, चूल सांभाळणारी बाई 'कामगार' मानली गेली नाही. तिचे काम घरचेच, म्हणून विश्रांतीचा हक्कही नाही.

पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. 'अंगणवाडी' ही कल्पना मात्र आपल्याच भागातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी ती रुजवली. योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना पूरक आहार मिळू लागला. 2009 पासून त्याचे प्रमाण रोज 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिने असे ठरले.

अडचण पुढे आहे. घरी नेलेले पाकीट एकट्या आईचे राहत नाही. आधी मुले, मग पुरुष, मग सासूबाई, उरले तर ती. यात कोणी दुष्ट नसते. घराची रीतच तशी पडलेली असते. म्हणून महाराष्ट्राने 2015 मध्ये आदिवासी भागासाठी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. त्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत गरम, चौरस जेवण दिले जाते. ताट तिच्यासमोर आले, तर ते वाटले जाण्याची शक्यता कमी.

पण आहार हा अर्धाच भाग. पुण्याजवळच्या सहा गावांत सुमारे 800 गरोदर महिलांचा अभ्यास झाला. पाणी आणणे, शेतीची कामे असे जास्त कष्ट करणाऱ्या मातांची बाळे कमी वजनाची आढळली. पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा घेणाऱ्यांची बाळे तुलनेने वजनदार होती. मुंबईच्या वस्त्यांतील 'सारस' प्रकल्पात स्त्रियांना केंद्रावर बोलावून पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ दिला गेला. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून तो खाणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरले. म्हणजे पोषणाची तयारी दिवस राहण्याआधीच हवी, आणि नव्या सुनेच्या ताटाकडे तेव्हा कोणाचेच लक्ष नसते.

आणखी एक गोष्ट पाहा. पोषणाचा सल्ला देणारी अंगणवाडी ताई बाई, आशा ताई बाई, आणि ऐकणारीही बाईच. बाजारहाट आणि पैसे ज्याच्या हाती, तो पुरुष या बैठकीला नसतोच.

म्हणून घरच्यांनो, एवढे करा:

- गरोदर बाईने सर्वांसोबत किंवा आधी जेवावे. शिळे आणि उरलेले तिच्यासाठी ठेवू नका.
- रोज डाळ किंवा उसळ, पालेभाजी. जमेल तेव्हा अंडे, मासळी. सोबत लिंबू पिळा.
- लोहाची गोळी रोज. चहा तिच्या आधी-नंतर तासभर नको.
- पाण्याचे हंडे आणि जड कामे घरातील इतरांनी करावीत.
- "जास्त खाल्ले तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल" या भीतीने तिचे जेवण कमी करू नका.
- पुढच्या तपासणीला पतीनेही यावे आणि प्रश्न विचारावेत.

अंगणवाडीचे जेवण दिवसातून एकदाच असते. बाकीची ताटे घरीच वाढली जातात.