नरक नेमका कोणत्या बेटावर?

अंदमानच्या पूर्वेला भर समुद्रात दोन ज्वालामुखी बेटं आहेत. उत्तरेकडचं नारकोंडम. या नावात हेन्री यूलला ‘नरक’ ऐकू आला आणि मूळ रूप ‘नरककुंडम्’ असावं असा तर्क त्यानं केला; १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तो आहे. शेवटचा ‘म्’ मला दाक्षिणात्य वळणाचा वाटतो. म्हणजे नाव तिकडच्या दर्यावर्दींनी ठेवलेलं असणार.

‘कुंड’ही उगाच आलेलं नाही. देवीभागवतात नरकातली ८६ कुंडं सांगितली आहेत आणि यादीची सुरुवातच वह्निकुंड, तप्तकुंड, क्षारकुंड अशी! खाऱ्या पाण्यात धगधगणारा डोंगर पाहिल्यावर पुराण ऐकलेल्या माणसाला दुसरं काय आठवणार?

अडचण एवढीच, की नारकोंडम धगधगत नाही. ७१० मीटर उंचीचा हा डोंगर गर्द रानानं झाकलेला आहे. भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या एफ. आर. मॅलेटनं दोन्ही बेटं पाहून यूलला कळवलं, की इथे ज्वालामुख दिसतच नाही, आग हजारो वर्षांपूर्वीच विझली आहे. नरककुंड शोभेल ते दक्षिणेकडच्या बॅरनला. तिथे उभ्या कड्यांचं रिंगण, मधोमध राखेचा शंकू, उद्रेकाची पहिली नोंद १७८७ची, आणि दीर्घ झोपेनंतर १९९१पासून पुन्हा धुमसणं चालू. नाव मुळात बॅरनचं असून नकाशात चुकून शेजाऱ्याला चिकटलं, ही मॅलेटची शंका मला पटते. बॅरन, म्हणजे ओसाड, हे तर नावच नव्हे. खलाशानं मारलेला शेरा आहे.

१९७७मध्ये दोन्ही बेटं अभयारण्यं झाली. नारकोंडमवर पोलीस चौकी सोडली तर मनुष्यवस्ती नाही. मालकी खरी धनेशाची. हा नारकोंडम धनेश जगात दुसरीकडे रानात कुठेही नाही आणि बेट जेमतेम सात चौरस किलोमीटर! नराची मान तांबूस, मादी काळी, दोघांच्या गळ्याला फिकट निळसर पिशवी. विणीच्या काळात मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बाहेरून फळं भरवतो. १८७३मध्ये ए. ओ. ह्यूमनं (होय, तोच काँग्रेसवाला) या पक्ष्याचं शास्त्रीय नाव बेटावरून ठेवलं, त्यामुळे यूलचा तर्क खरा असेल तर बिचाऱ्याच्या नावातही नरक आला. तटरक्षक दलाच्या रडारला याच धनेशासाठी पर्यावरण मंत्रालयानं २०१२मध्ये नकार दिला होता. २०१४मध्ये मात्र परवानगी मिळाली.