पलीकडचे

अलिबागला आमच्या भिंतीला भिंत लागून जे घर होतं, त्यातल्या माणसांना आजी नुसतं ‘पलीकडचे’ म्हणायची. गावाच्या लेखी ते शनवार तेली, म्हणजे तिथले ज्यू. आडनावाला कोकणातल्या गावाचं ‘कर’ लागलेलं, घरात मराठी, काकूंना नऊवारी नि मंगळसूत्र. शनिवारी मात्र चूल पेटायची नाही, आणि त्यांच्या वाडवडलांच्या काळी घाणाही बंद असायचा. नौगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात बाप्ये नि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही त्यांची मूळकथा आजी अशी रंगवायची की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या रात्री हीच कंदील घेऊन काठावर उभी होती. गलबत कधी फुटलं यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. आजीचं त्यावाचून काही अडलं नाही.

एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाचा मलिदा झाला की पलीकडून ताटली यायची. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर केळ्याचे काप. आमच्याकडून कोळंबी नि तिसऱ्या कधी जायच्या नाहीत, कारण खवलं नि पर असलेलाच मासा त्यांना चालायचा. बांगडा जायचा, आणि त्यासाठी आजी वेगळा तवा काढायची म्हणे. हा तवा खरंच होता की आईच्या सांगण्यातून पुढे तयार झाला, देव जाणे. मटणाला दूध-दही लावायचं नाही म्हणून काकू नारळाचं दूध घालायच्या. तसं मटण मी नंतर कुठे खाल्लं नाही.

आबा, म्हणजे माझे आजोबा, पक्के नेहरूंचे. 1947 च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाइनच्या फाळणीला भारताने विरोध केला, ते त्यांना पटलं होतं. आपल्या फाळणीचं रक्त वाळलं नाही, आणि दुसऱ्याच्या मुलखाचे तुकडे कसे मान्य करायचे, असं ते म्हणत. 1950 च्या सप्टेंबरात दिल्लीने इस्रायलला मान्यता दिली, पण दूतावास काही उघडू दिला नाही. पुढे मुंबईत त्यांची एक कॉन्सुलेट आली, तेवढंच. अरब देशांशी मैत्री, तेल, काश्मीरवरची मतं, असा सगळा हिशेब त्यामागे होता. आमच्या आळीत मात्र मान्यतेचा अर्थ एवढाच झाला की पलीकडचा थोरला मुंबईला गेला नि तिथून थेट तिकडे.

तिकडे गेलेले सगळेच सुखात नव्हते. 1952 च्या सुमारास काहीजण ‘आम्हाला वेगळं वागवतात’ म्हणून बीरशेबाला धरणं धरून परतही आले होते. पुढे लग्नाच्या वेळी या भारतातून आलेल्यांचं ज्यूपण तपासायचा तिथल्या धर्मगुरूंचा फतवा निघाला, त्यावर रण माजलं, आणि 1964 मध्ये त्यांच्या संसदेला, क्नेसेटला, हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं सांगावं लागलं. काकूंचा संताप आईला पाठ होता. “इतक्या पिढ्या शनिवार पाळला, आता दाखला मागतायत मेले!”

आमच्या घरात सगळ्यात जास्त सांगितली जाते ती जून 1967 च्या अरब-इस्रायल युद्धातली गोष्ट. पलीकडचा रेडिओ बिघडला होता, म्हणून काका आमच्या ओटीवर येऊन बसले. थोरला तिकडच्या सैन्यात. त्याच दिवसांत गाझात संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतले भारतीय जवान इस्रायली माऱ्यात मारले गेल्याची बातमी आली. संसदेत इंदिराबाईंनी निषेध केला. आबा तापट. त्यांनी ओटीवर काय म्हटलं याच्या तीन आवृत्त्या मी ऐकल्यात. आजीच्या मते ते काहीच बोलले नाहीत, उठून आत गेले. आईच्या मते “आपली पोरं मेली हो” एवढंच म्हणाले, आणि काका “हो” म्हणाले. माझ्या धाकट्या काकाच्या आवृत्तीत मोठं भांडण आहे, पण त्याला भांडणाशिवाय गोष्ट सांगता येत नाही. तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे: आजीने दोघांना पेजेचे वाडगे दिले आणि युद्ध संपेपर्यंत काका रोज आले.

पुढे काका-काकूही गेले, घर विकलं गेलं. 29 जानेवारी 1992 ला नरसिंह रावांच्या सरकारने पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, तेव्हा आबा खाटेवर होते. “आमचं नातं चाळीस वर्षांचं, दिल्लीने आत्ता कागद केला,” म्हणाले. पण पॅलेस्टिनींच्या जमिनीबद्दलचं मत त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही. शेजाऱ्याच्या पोराची काळजी आणि हे मत, दोन्ही त्यांच्यात सुखेनैव नांदत. आमच्या आताच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जो तो क्रिकेटची मॅच असल्यासारखा एक बाजू धरून बसतो, ते त्यांना झेपलं नसतं.

पलीकडची धाकटी, माझी मावशीच म्हणायची, अश्दोदला असते. 2017 च्या जुलैत मोदी गेले, भारताचे पहिलेच पंतप्रधान तिकडे जाणारे, तेव्हा तिने टीव्हीवर सगळं पाहिलं. 2023 च्या ऑक्टोबरात युद्ध पेटल्यावर मात्र तिचा फोनवरचा आवाज बदलला. नातू राखीव दलात, मध्येच भोंगा वाजला की ती फोन ठेवते नि तासाभराने स्वतःच करते. गाझाच्या बातम्या तीही बघते, आणि त्यावर बोलणं सुरू झालं की आम्ही दोघीही जपून बोलतो. परवा म्हणाली, समोरच्या इमारतीच्या बांधकामावर उत्तर प्रदेशातली पोरं आलीत. आधी तिथे पॅलेस्टिनी गवंडी असायचे, त्यांचे परवाने बंद झाले. ती या पोरांना खाली जाऊन चहा देते.

“पण एकालाही मराठी येत नाही गं,” तिची तक्रार. “आणि चहात साखर केवढी घालतात!”